शाकाहारी बोक्याचं निव्वळ वजन

तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले आणि दुसऱ्याच दिवशी बोंडूने दूधभाताकडे पाठ केली.

आत्माराम आठल्ये यांना आधी वाटलं, भात गरम असेल. त्यांनी फुंकर मारली. मग वाटलं, दूध कमी पडलं असेल. दूध वाढवलं. मग वरून साय घातली. साय बोंडूने चाटली, मिशा पुसल्या आणि तो पुन्हा मागच्या दाराकडे तोंड करून बसला. म्हणजे पाठ आठल्यांकडे. सात वर्षांत त्या घरात त्यांच्याकडे अशी उघड पाठ कोणी केली नव्हती. घरात तसे दोनच जीव होते, एक बायको शरयू आणि एक हा. त्यातली शरयू तर आता... इथे आठल्ये थांबत. हा विचार पुरा करायचा नाही अशी त्यांनी स्वतःला सूचना दिली होती, आणि सूचना पाळायची त्यांना एकतीस वर्षांची सवय होती.

एकतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. जिल्ह्यातल्या कुठल्याही दुकानात शिरून कुठलंही पाकीट उचलायचं, उलटं करायचं आणि मागच्या बाजूला सहा गोष्टी आहेत की नाहीत ते पाहायचं. वस्तूचं नाव. उत्पादकाचं नाव-पत्ता. निव्वळ वजन. तयार केल्याचा महिना आणि वर्ष. कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित. आणि तक्रार असल्यास कोणाशी संपर्क साधावा, ते. या सहा गोष्टी त्यांना मंगलाष्टकांसारख्या पाठ होत्या. मंगलाष्टकं लग्नात एकदाच म्हणतात. आठल्ये या सहा गोष्टी चहाच्या पुड्यावरही म्हणत. "तुमचं होऊ दे सावकाश," शरयू म्हणे, "तोवर मी आधण ठेवते." पाकिटाची पुढची बाजू मात्र आठल्ये कधीच वाचत नसत. पुढच्या बाजूला वस्तू स्वतःविषयी बोलते आणि स्वतःविषयी बोलणाऱ्याचं काही खरं नसतं, असं त्यांचं मत होतं. हे मत ते स्वतःविषयी बोलताना बऱ्याचदा सांगत.

बोंडू शाकाहारी होता. हे नुसतं घरात म्हणण्यापुरतं नव्हतं, छापून आलं होतं. काजूच्या बोंडासारख्या पिवळ्यालाल रंगाचं हे पिल्लू गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, भोकात सापडलं, त्यानंतर वर्षभराने आठल्यांनी एका स्थानिक साप्ताहिकाला पत्र लिहिलं. 'संस्कारांनी मार्जारही शाकाहारी होऊ शकते.' संपादकांकडे त्या आठवड्यात जाहिराती कमी होत्या, त्यांनी पत्र फोटोसकट छापलं. फोटोत आठल्ये, मांडीवर बोंडू, पुढ्यात दूधभाताची ताटली. शरयूने ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. त्यानंतर पुण्याचे पाहुणे आले की आधी आरे-वारेचा किनारा दाखवायचा आणि संध्याकाळी बोंडूचा दूधभात, असा क्रमच पडून गेला. बोंडूही पाहुण्यांसमोर चार घास नीट खाई. पाहुणे म्हणत, "कमाल आहे!" आठल्ये म्हणत, "कमाल कसली? वळण."

आणि आता हे वळण बिघडलं होतं.

पहिला सल्ला शेजारच्या विनोद पावसकरांनी दिला. पावसकर एसटीतून निवृत्त झालेले, गडग्यापलीकडे राहत आणि सल्ला द्यायला गडग्यावर कोपर टेकून उभे राहत. गडग्याचा तेवढा चिरा त्यामुळे गुळगुळीत झाला होता.

"आठल्ये, त्याला एक बांगडा दाखवा. नुसता दाखवा. बघा कसा उठतो!"

"पावसकर, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"अहो, अंडं कोण म्हणतोय? बांगडा म्हणतोय मी."

"तो संस्कार विसरलेला नाही. त्याला दुःख झालंय."

यावर पावसकरांनी टेकलेलं कोपर काढून घेतलं. शरयूवहिनींच्या हातची आंबोळी गडग्यावरून त्यांच्याकडेही गेलेली होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मग दृष्ट तरी काढा," आणि आत गेले.

आठल्यांनी दृष्ट काढली नाही. त्यांनी वजन केलं. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी त्यांना खात्याचा शिक्का मारलेला स्प्रिंगचा काटा भेट दिला होता. साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत बोंडूला घालून त्यांनी पिशवी काट्याच्या आकड्याला लावली. ताण पडताच काटा हलायला लागला, कारण आतला माल हलत होता. सरकारी पद्धतीप्रमाणे तीन वेळा मोजायचं असतं. दुसऱ्या मोजणीला नाकावर ओरखडा आला, तिसरीला पिशवी फाटली. पिशवी वजा जाता निव्वळ वजन भरलं तीन किलो सहाशे पन्नास ग्रॅम. शरयूने जपून ठेवलेल्या लसीच्या कार्डावर होतं चार किलो दोनशे. साडेपाचशे ग्रॅमची तूट! बिस्किटाच्या पुड्यात चार ग्रॅम तूट निघाली म्हणून आठल्यांनी एकेकाळी कोर्टात केस उभी केली होती. इथे केस कोणावर करायची, ते कळेना.

पुण्याहून मुलीचा, दीपालीचा, फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"बोंडू जेवला नाही."

"मी तुमचं विचारतेय."

"मीही तेच सांगतोय. त्याच्यापुढे ताटली ठेवून आपण कसं जेवायचं? बरं नाही दिसत."

"मी येऊ का चार दिवस?"

"मांजर जेवत नाही म्हणून कोणी रजा घेतं का? ऑफिसात काय कारण सांगशील?" आठल्ये म्हणाले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ फोनकडे बघत बसले.

दीपालीनेच सुचवलं होतं म्हणून ते मारुती मंदिराजवळच्या प्राण्यांच्या दुकानात गेले. दुकानदार नितेश, तिशीचा, उत्साही. त्याने एका दमात विचारलं, "काका, ड्राय देऊ की वेट? इनडोअर आहे? स्पेशली केसांसाठी पाहिजे का पोटासाठी?"

"हिरवा ठिपका असलेलं द्या," आठल्ये म्हणाले.

नितेशने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग फळीकडे. "काका, मांजराच्या खाण्यावर हिरवा ठिपका म्हणजे मिरकरवाड्याच्या मासळीच्या जेटीवर जाऊन साबुदाण्याची खिचडी मागितल्यासारखं झालं."

"तुम्ही शोधलाय का कधी?"

नितेशने कबूल केलं की शोधला नव्हता. मग आठल्यांनी शोधायला घेतला. भिंगाने. फळीवरचं एकेक पाकीट उतरवायचं, उलटं करायचं, सहा गोष्टी बघायच्या, अक्षरांची उंची डोळ्यांनी मापायची, आणि परत ठेवायचं. अर्ध्या तासाने नितेशने स्टूल दिलं. पाऊण तासाने, गिऱ्हाइकाचा पूर्वीचा धंदा काय होता हे कळल्यावर, चहा मागवला. सव्वा तासाने अगदी खालच्या फळीवर, धुळीत, हिरव्या ठिपक्याचं एक पाकीट निघालं. सहाच्या सहा गोष्टी चोख! वस्तूचं नाव, 'पाळीव प्राण्यांचा शाकाहारी आहार'. अशा देखण्या छपाईचं पाकीट निवृत्तीनंतर आठल्यांच्या हाती प्रथमच लागत होतं. नितेश मागून "काका, पण ते..." असं काहीतरी म्हणत होता. पण दुकानदार 'पण' म्हणायला लागला की त्याचं ऐकायचं नाही, हाही खात्यातलाच धडा.

बोंडूने त्या गोळ्यांचा वास घेतला. मग पंजाने फरशी उकरून उकरून त्या गोळ्यांवर नसलेली माती लोटली. मांजर ही क्रिया साधारणपणे कशावर करतं, हे ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना सांगायला नको. एवढ्यात गडग्यावरून पावसकरांचा आवाज आला, "आठल्ये, कुत्रा पाळलात?"

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर एक धष्टपुष्ट कुत्रा जीभ काढून हसत होता. खाली ठळक अक्षरांत 'प्रौढ कुत्र्यांसाठी पूर्ण शाकाहारी आहार'. ती बाजू वाचायची राहून गेली होती. ते पाकीट पुढे पावसकरांच्या टायगरने संपवलं, आणि तेव्हापासून तो रोज सकाळी आठल्यांच्या दारात येऊन उरलेलं मागू लागला.

तीन किलो चारशे.

आता आठल्यांच्या मनात एक कायदेशीर पळवाट तयार झाली. नितेशकडे मांजराचं एक पाकीट होतं, त्यावर 'टूना फ्लेवर' लिहिलेलं होतं. फ्लेवर! म्हणजे मासा नव्हे, माशाचं नुसतं आश्वासन. आंब्याच्या फ्लेवरच्या गोळीत आंबा असतो का? हापूसच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तेव्हा हे पाकीट घरात आणल्याने घर बाटत नाही, असा निवाडा त्यांनी स्वतःच दिला आणि स्वतःच मान्य केला.

घरी आल्यावर भिंगाने घटक वाचले. पहिला मका. दुसरा सोयाबीन. तिसरं कोंबडीच्या अवशेषांचं चूर्ण. इथे आठल्यांनी चष्मा काढला. माशाला टाळून ते कोंबडी घेऊन आले होते! मासा यादीत शेवटून दुसरा, तोही वासापुरता. त्यांनी हात साबणाने दोनदा धुतले. तरी वाचायला घेतलेला कागद अर्धा सोडायचा त्यांना सराव नव्हता, म्हणून खालचा तक्ताही वाचला. प्रथिने, किमान तीस टक्के. स्निग्धांश, किमान नऊ. पाणी, कमाल दहा. राख, कमाल आठ टक्के.

राख हा शब्द वाचून त्यांनी पाकीट खाली ठेवलं. त्याचं कारण वेगळं होतं. पंधरा-वीस दिवसांपूर्वी त्यांनी एक तांब्या दोन्ही हातांत धरून भाट्याच्या खाडीपर्यंत नेला होता, आणि तो त्यांना वाटला होता त्यापेक्षा फार हलका होता. किती हलका, ते त्यांना अंदाजाने सांगता आलं असतं. पण काही वजनं करायची नसतात.

मग त्यांना राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं. एक उत्पादक मुक्या प्राण्याच्या अन्नात शंभरातले आठ भाग राख मिसळतो, वर तसं छापतो! त्यांनी तक्रार लिहिली, चार परिच्छेदांची, तीन प्रतींत, आणि पाकीट घेऊन आपल्या जुन्या कचेरीत गेले. त्यांच्या खुर्चीवर आता सर्वेश बसत असे, ज्याला त्यांनी स्वतः हाताखाली तयार केला होता. सर्वेशने उठून नमस्कार केला, वहिनींबद्दल चार शब्द बोलला, चहा सांगितला आणि पाकीट उलटं केलं. ते ज्या सफाईने उलटं केलं ते बघून आठल्यांना भरून आलं.

"सर, सहाही गोष्टी बरोबर आहेत." सर्वेशने पाकीट काट्यावर ठेवलं. "वजनसुद्धा. चार ग्रॅम जास्तच भरतंय."

"वजनाचं नाही रे म्हणत मी. आत काय आहे ते बघ."

सर्वेश अवघडला. "सर, आत काय आहे ते आपल्याकडे येत नाही."

"मग कोणाकडे येतं?"

"सर, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. बाहेर लिहिलंय तेवढं तपासायचं. आतल्यात शिरायचं नाही."

यात सर्वेशची चूक काहीच नव्हती. वाक्य आठल्यांचंच होतं, आठल्यांच्याच आवाजातलं, फक्त समोरून येत होतं. चहा गार होईपर्यंत ते बसले आणि मग उठले.

तीन किलो दोनशे. आता बोंडू पिशवीत हलतही नव्हता. काटा अगदी स्थिर राहिला, असा शास्त्रशुद्ध आकडा यापूर्वी एकदाही मिळाला नव्हता. आठल्यांनी काटा खुंटीला लावला, बोंडूला शरयूच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि रिक्षा बोलावली.

जनावरांच्या डॉक्टर मृणाली दीपालीहूनही लहान होत्या. त्यांनी बोंडूला तपासलं, आणि आठल्यांनी पुरावा म्हणून आणलेलं पाकीट हातात घेऊन विचारलं, "काका, तुम्ही यावर आधी काय बघता?"

"निव्वळ वजन."

"ते शेवटी बघा. आधी बघायचं, कोणासाठी आहे. कुत्र्याचं मांजराला चालत नाही."

"ते कळलं," आठल्ये म्हणाले.

"मग बघायचं, पूर्ण आहार लिहिलाय की नुसता खाऊ. मग घटक. जो पहिला लिहिलाय तो वजनाने सगळ्यात जास्त. पुढे चित्रात मासा केवढा आहे ते सोडून द्यायचं."

"आणि ही राख?"

"राख कोणी मिसळत नाही हो. तो पदार्थ प्रयोगशाळेत पूर्ण जाळला तर शेवटी क्षार उरतात, त्याला म्हणायचं राख. कशातही असते. तुम्हाला-मला जाळलं तरी..." डॉक्टरांचं लक्ष लुगड्याकडे, मग आठल्यांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्या थांबल्या. "सॉरी काका."

"नाही, नाही," आठल्ये म्हणाले. "साधारण किती टक्के भरते?"

डॉक्टरांनी माहीत नसल्याचं सांगितलं आणि घाईघाईने बोट पुढच्या ओळीवर नेलं. "हे बघा, टॉरिन. मांजराच्या पाकिटावर हे असलंच पाहिजे. मांजराच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही, मांसमच्छीतूनच मिळतं. नाही मिळालं तर हळूहळू नजर जाते, हृदय निकामी होतं." त्यांनी बोंडूच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली. "ह्याची नजर मात्र छान आहे. हृदय छान. काय खायचा हा?"

"दूधभात. सात वर्षं. छापून आलंय."

"काका, सात वर्षं नुसत्या दूधभातावर राहिला असता तर एव्हाना त्याला तुम्ही दिसला नसतात. ह्याला कोणीतरी मासे घालत होतं. नियमित."

"डॉक्टर, आमच्या घरात दोनच माणसं होती," आठल्ये उभे राहिले. "आणि दोघंही शाकाहारी."

"मग दोघांतलं एक," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "सलाइन लावते आज. परवापर्यंत स्वतःहून काही खाल्लं नाही तर ॲडमिट करावं लागेल. मांजराचं उपाशी राहणं आपल्या उपासासारखं नसतं, लिव्हर जातं. आणि मग मी काही खात्री देणार नाही."

आठल्यांनी अपमान गिळला, बोंडूला उचललं. घरी येताना रिक्षात त्यांनी संशयितांची यादी केली. यादीत पावसकर एकटेच होते. पावसकरांनी दत्ताची शपथ घेऊन नाही म्हटलं, आणि वर विचारलं, "मी घातला असता तर तुम्हाला सांगितल्याशिवाय राहिलो असतो?" हा बचाव इतका बिनतोड होता की यादी रिकामी झाली.

दोन दिवसांनी शुक्रवार आला.

बुधवारी आणि शुक्रवारी साडेदहाला आठल्ये फिरायला जात. हा नियम शरयूचा. ते निवृत्त झाले त्याच महिन्यात तिने त्यांची शुगर काठावर आल्याचं जाहीर केलं आणि थिबा पॅलेसच्या बाजूला चालत जायचं, वरून समुद्र बघत अर्धा तास बसायचं, मगच परतायचं, असं ठरवून दिलं. रोज नको, गुडघे झिजतात, बुधवार-शुक्रवार पुरे. आठल्ये पाहुण्यांना सांगत, "हिला माझ्या तब्येतीची फार काळजी." ती गेल्यावरही त्यांनी एकही खेप चुकवली नव्हती. समुद्र बघून येत आणि चप्पल काढताना सवयीने आत म्हणत, "आलो गं." बुधवार आणि शुक्रवार हे रत्नागिरीत कसले वार असतात, हे मात्र शाकाहारी माणसाच्या डोक्यात येत नाही.

या शुक्रवारी ते गेले नाहीत. बोंडू मागच्या दाराशी लुगड्यावर पडून होता, त्याचं पोट वरखाली होतंय ना, ते बघत आठल्ये शेजारी पाटावर बसले होते. दुपारी दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. बरोबर साडेदहाला मागच्या गडग्यापाशी कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बोंडवा... ए बोंडवा..."

बोंडूचा कान हलला. मग डोकं. मग चारही पाय लटपटत तो उभा राहिला, आठल्यांच्या मांडीला वळसा घालून दाराबाहेर पडला आणि पायऱ्या उतरून गेला.

गडग्याच्या खिंडीत यमुनाबाई उभ्या होत्या, डोक्यावर टोपली. वीस वर्षं या आळीत मासे विकत होत्या. आठल्यांच्या पुढच्या दारावरून जाताना मात्र कधी हाळी देत नसत. आठल्यांना बघताच त्यांनी टोपली उतरवून पाठीमागे धरली. टोपली पाठीमागे मावणारी नव्हती.

"काय नाय भाऊ. वाट चुकलंय."

बोंडू त्यांच्या पायांत घुटमळत, घोगऱ्या आवाजात ओरडत होता. खटल्यात असा साक्षीदार आला की निरीक्षक प्रश्न विचारत नाही.

"किती वर्षं?" आठल्यांनी फक्त एवढंच विचारलं.

यमुनाबाईंनी टोपली खाली ठेवली. "पिल्लू होता तवापासून. वयनींनी शपथ घातलीनी होती भाऊ, ह्यांना कळता नये. त्या गेल्या म्हणून काय शपथ सुटते?" त्या बोंडूच्या बरगड्यांकडे बघत होत्या. "चार-पाच खेपा येऊन गेलंय. दार बंद. गडग्यावर मांदेली ठेवून बघितली, कावळ्यांनी नेली."

दहाव्या दिवशीही कावळे वेळेवर आले होते. पिंड ठेवताच कावळा शिवला, तेव्हा गुरुजी म्हणाले होते, बाईंचं मागे काही राहिलेलं नाही.

"बोटी बंद असायच्या तवा सुकट द्यायचंय," यमुनाबाई आता सगळंच सांगायला लागल्या. "तुम्ही हापिसात जायचात, तवा बरा होता. रिटायर झालात नि पंचाईत झाली. मग वयनींनी तुमची शुगर काढलीनी."

आठल्ये पायरीवर बसले. शुगर काठावर होती आणि अजूनही काठावरच होती. समुद्र बघून ती कधी खाली गेली नव्हती.

"पण मला सांगायचं ना," ते म्हणाले. हे यमुनाबाईंना म्हणाले की कोणाला, ते स्पष्ट नव्हतं. "मी काय खाल्लं असतं तिला?"

"तुमचा पेपरात छापून आलेला ना? वयनी म्हणायच्या, यमुनाबाई, ह्यांचा छापून आलाय, तो खोटा पडता नये. नि बोका पण मरता नये."

टोपलीशी बोंडूचं ओरडणं चालूच होतं.

शरयू ज्यात मासे शिजवी तो टोप यमुनाबाईंनी दाखवला, न्हाणीमागे नारळाच्या सोडणांच्या ढिगात पालथा घातलेला. बाहेरून काळाठिक्कर, आतून साफ घासलेला. बाजूला एका डबीत कापूर. बुधवारी-शुक्रवारी फिरून आलं की घरात कापराचा वास येई, आणि शरयू अलीकडे देवाचं फार करते, असं आठल्ये चार लोकांत कौतुकाने सांगत असत.

"मी शिजवून देतंय," यमुनाबाई म्हणाल्या.

"नको. सांगा फक्त. किती घ्यायची?"

"मूठभर."

"मूठभर म्हणजे किती ग्रॅम?"

"मूठभर म्हणजे मूठभर, भाऊ." आठल्यांनी हात पुढे केला तसा त्यांनी मान हलवली. "तुमची नव्हं. वयनींची मूठ. तुमच्या मुठीन घातलात तर ओकेल तो, इतक्या दिवसांच्या उपाशी पोटी."

मूठ हे अप्रमाणित माप. अशी मापं आठल्यांनी आयुष्यभर जप्त केली होती. प्रमाण किलोग्रॅमचा व्यास त्यांना मिलिमीटरमध्ये पाठ होता. चौतीस वर्षं ज्या हाताने वाढलेलं खाल्लं, त्या हाताची मूठ केवढी, हे काही केल्या डोळ्यांपुढे येईना. ते आत गेले. कपाट उघडलं, कात्रण दारावर होतं, त्याच्याकडे न बघता खालच्या कप्प्यातून काचेची एक हिरवी बांगडी काढली. शरयूची मूठ आवळली की हिच्यातून जेमतेम जाई. कासाराकडे दर वेळी डोळ्यांत पाणी यायचं. हे मात्र आठवलं. बाहेर येऊन त्यांनी ती बांगडी ताटलीत ठेवली.

यमुनाबाईंनी बांगडीकडे पाहिलं आणि तिच्या आतल्या जागेत मांदेली रचली. काठाला लागली तेव्हा थांबल्या. "एवढीच," त्या म्हणाल्या. "तंतोतंत."

आठल्यांनी नाकाला रुमाल बांधला, रुमालात कापूर ठेवला, आणि सोडणांवर चूल पेटवली. "मीठ?"

"नाय."

"हळद?"

"भाऊ, तो बोका हाय. पाव्हणा नाय."

मासे शिजले, निवले, यमुनाबाईंनी काटे काढून दाखवले. ताटली पायरीखाली ठेवली. बोंडूने वास घेतला, जीभ लावली, आणि मग ताटलीशी बसून वर पायरीकडे बघत राहिला. आठल्यांनी यमुनाबाईंकडे पाहिलं. "आता काय?"

"तो एकटा खात नाय. वयनी त्या पायरीवर बसायच्या, बोलायच्या त्याच्याशी. तवा खायचा."

"काय बोलायची?"

यमुनाबाईंनी चुंबळ नीट केली, टोपली डोक्यावर घेतली. "ता मला काय ठाव? मी निघून जायचंय. पण लय बोलायच्या." आणि खिंडीतून निघूनही गेल्या.

शरयू बोलकी नव्हती. निदान आठल्यांची तशी माहिती होती. घरात बोलायचं खातं त्यांच्याकडे होतं. ते पायरीवर बसले. रुमाल सोडला. "बोंडू," म्हणाले, आणि पुढे काही सुचेना. बोंडू वाट बघत होता. त्यांनी घसा खाकरला. आजूबाजूला पाहिलं; दवाखान्यातून परत आणलेलं टूना फ्लेवरचं ते पाकीट पायरीच्या कडेला अजून पडलेलं होतं. त्यांनी ते घेतलं, उलटं केलं.

"वस्तूचं नाव," आठल्ये म्हणाले. "मांजरांसाठी आहार."

बोंडूचा कान त्यांच्याकडे वळला.

"निव्वळ वजन, एक किलो दोनशे ग्रॅम. प्रत्यक्षात चार ग्रॅम जास्त." बोंडूने मान खाली घातली. पहिलं मांदेलं गेलं. आठल्ये आवाज न थांबवता वाचत राहिले. तयार केल्याचा महिना, वर्ष. कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित. प्रथिने, किमान तीस टक्के. स्निग्धांश, किमान नऊ. राख... इथे आवाज जरा बसला, तसा बोंडू खायचा थांबला. "राख, कमाल आठ टक्के," आठल्यांनी मोठ्याने म्हटलं, आणि तो पुन्हा खायला लागला.

शेवटची ओळ आली तेव्हा ताटलीत दोन मांदेली उरली होती.

"तक्रार असल्यास," आठल्ये म्हणाले. पुढे नाव होतं, पत्ता होता, फोन नंबर होता. सगळं नियमाप्रमाणे होतं. ते बराच वेळ त्या ओळीवर थांबले.

बोंडूने मान वर केली.

"तक्रार काही नाही," आठल्ये त्याला म्हणाले.

पण एवढ्या त्रोटक बोलण्यावर जेवायची बोंडूला सवय नव्हती. तो बघतच राहिला. आठल्यांनी चष्मा काढला, शरयूच्या लुगड्याच्या टोकाने पुसला, परत लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"वस्तूचं नाव..."